हशाची जागा

माझे मामेसासरे बोलण्यासाठी नव्हे, थांबण्यासाठी जन्माला आले आहेत, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही-आम्ही बोलतो आणि मध्ये जरा थांबतो. ते थांबतात आणि मध्ये जरा बोलतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तमाशात सोंगाड्या म्हणून काढली. सटाण्यापासून चांदवडपर्यंत अशी जत्रा नसेल, जिथे त्यांनी लोकांना पोट धरून लोळवलं नाही. उघड्या मैदानातल्या हशाचं एक शास्त्र असतं. ते त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी धरून समजावलं होतं. "जावईबापू, पुढचे लगेच हसतात. मागं टेम्पोच्या टपावर बसलेल्यांना जरा उशीर लागतो. त्यांचं हसू चालत येऊन आपल्या पायाशी पडेपर्यंत दुसरा शब्द काढायचा नाही. काढला, तर मागच्यांचा अपमान." एवढं बोलून ते थांबले. वाढपी मठ्ठा घेऊन आला आणि गेला, मामा थांबलेलेच. शेवटी शेजारून मामी म्हणाल्या, "हसले सगळे. पुढं बोला." तेव्हा कुठे मामांनी जिलबी तोंडात टाकली.

मामींचं हे वाक्य म्हणजे त्या घराची किल्ली आहे. ते म्हटल्याशिवाय इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमधली कोणतीही गोष्ट पुढे सरकत नाही. मामा "मीठ कमी आहे" म्हणून थांबतात, मामी "हसले" म्हणतात, मग मामा मीठ घेतात. मामी बरोबर नसल्या, की पंचाईत होते. एकदा भाजीवालीला ते म्हणाले, "मावशी, ही गवार आहे, की गवारीची आजी?" आणि तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ती बिचारी घाबरली. तिने त्यांना दंडाला धरून क्रेटवर बसवलं, पाणी पाजलं आणि गिऱ्हाइकांना म्हणाली, "बाबांना चक्कर येतीये, जरा हवा येऊ द्या." मामा घरी आले ते भडकून. "पाणी पाजलं मला! एवढ्या चांगल्या विनोदाला पाणी!" कोणाच्या घरी गेले, तरी दार उघडल्यावर लगेच आत येत नाहीत. खोलीतला शेवटचा माणूस टीव्हीवरून मान वळवेपर्यंत उंबऱ्यावर उभे राहतात. आमच्याकडे त्यामुळे डास फार येतात.

तमाशाचा फड मोडला आणि मामा सिनेमात गेले. गेले म्हणजे, सिनेमाच त्यांच्याकडे आला. चांदवडच्या कांदा मार्केटात शूटिंग होतं. त्यांना नुसता कांद्याच्या ढिगाशेजारी बसणारा चेहरा हवा होता. मामांचा चेहरा असा, की त्याच्याशेजारी कांदाही विनोदी दिसतो. तेव्हापासून ते हवालदार झाले, पुजारी झाले, तीन सिनेमांत सरपंच आणि एकात प्रेत झाले. प्रेताचं काम तर युनिटमध्ये अजून सांगतात म्हणे. नायिका त्यांच्या छातीवर डोकं ठेवून आक्रोश करता करता वाक्य विसरली. जन्मभर स्टेजवर सांभाळून घ्यायची सवय असलेल्या मामांनी मेल्या मेल्याच ओठ न हलवता तिला वाक्य सांगितलं. ती किंचाळून पळाली. "मग काय, पोरीला उघडी पाडायची?" असं मामा आजही विचारतात.

पण सिनेमात त्यांचं एक दुःख होतं. तिथे कोणी हसत नाही. सगळं युनिट श्वास रोखून उभं, हसलं तर टेक जातो. मामा सवयीने वाक्य टाकून थांबायचे. दिग्दर्शक एक तर ओरडायचा, नाही तर गप्प बसून नंतर एडिटिंगमध्ये तेवढा भाग उडवायचा. थिएटरात स्वतःला बघून आले, की मामा अंग चोरून सोफ्यावर बसायचे. "माझं बोलणं ठेवलं आणि माझी जागा कापली. ह्या लोकांना वाटतं, सोंगाड्या म्हणजे बोलणारा माणूस."

मग गेल्या वर्षी मुंबईच्या एका तरुण दिग्दर्शिकेने त्यांना बापाचं काम दिलं. प्रसंग असा: दिवाळीचा दिवस, ताटं मांडलेली, आणि मुलाचा फोन येतो की तो येणार नाही, आता तो परदेशातच राहणार. म्हातारा फोन ठेवतो आणि बायकोला म्हणतो, "बरं झालं. त्याच्या वाटची करंजी मला." मामा वाक्य बोलले आणि थांबले. बाई ओरडल्या नाहीत. मामा थांबलेले, कॅमेरा चालू. बऱ्याच वेळाने त्या हळूच "ओके" म्हणाल्या, आणि तेवढा भाग तसाच ठेवणार असल्याचंही सांगितलं.

मामा त्या दिवशी घरी आले ते तरंगत. "पहिल्यांदा कोणीतरी हशाला जागा सोडली." आठवडाभरात सगळ्या इंदिरानगरला आणि सटाण्याच्या भाऊबंदांना निरोप गेले, की करंजीवर हॉल फुटणार. मला मात्र त्यांनी गच्चीत बाजूला घेतलं. मनातलं बोलायचं असलं, की त्यांची सटाण्याची बोली वर येते. "मी सोंगाड्या शे, भो. तिथं हॉल हसला नाही, तर माझ्यातला सोंगाड्या गेला असं समजायचं. मग पुढचं काम घेणार नाही." आणि पहिल्यांदाच ते थांबले नाहीत, तसेच जिना उतरून गेले.

सिनेमा लागला, तेव्हा मॅटिनीला आम्ही सगळे गेलो. मामा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, मध्ये मामी, पलीकडे मी. सिनेमा सुरू झाला आणि मामा खुर्चीत उलटे फिरून, गुडघ्यांवर बसून, पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघायला लागले. मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "काका, सिनेमा तिकडं आहे." मामा म्हणाले, "माझा इकडंच."

करंजी आली. वाक्य झालं. पडद्यावरचा म्हातारा थांबला, आणि खुर्चीतला म्हाताराही.

कोणी हसलं नाही.

पहिली रांग नाही, मधली नाही, सटाण्याचे भाऊबंदही नाहीत. मगाचा तो मागचा माणूस चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होता. त्याच्या बायकोने पदर तोंडाशी धरला होता. मी आशेने मामींकडे पाहिलं. आता त्या म्हणतील, 'हसले सगळे, पुढं बोला', आणि हे सगळं मार्गी लागेल. पण मामींचं लक्ष पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे होतं, जसं काही तो प्रथमच भेटत होता. मग मामा हळूहळू फिरले, सरळ बसले आणि उरलेला सिनेमा त्यांनी पडद्याकडे तोंड करून पाहिला.

घरी आल्यावर चहा झाला. फोन वाजत होता, दिग्दर्शिकेचाच. पुढच्या कामासाठी असणार. मामांनी उचलला नाही. कपाकडे बघत म्हणाले, "हॉल हसला नाही."

आणि सवयीने थांबले.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आम्ही सगळे मामींकडे बघायला लागलो. त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, हात पुसले, वाजणारा फोन मामांच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"घाई काय आहे?" मामी म्हणाल्या. "मागचे अजून यायचेत."