मी निवडून आणलेला टॅब

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, बायकोला तर नाहीच. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं तिला सोडून तुम्हाला सांगतोय, यावरूनच माझ्या शौर्याची कल्पना यावी.

गोष्ट तशी फुटकळ आहे. घरात एक टॅब विकत आणला, त्याची गोष्ट. तुम्ही म्हणाल, यात कबूल करण्यासारखं काय आहे? लोक रोज आणतात. मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगून पाहिलं. पटत नाही हो. वैताग येतो नुसता – त्या टॅबचा, माझ्या तोंडाचा आणि सगळ्यात जास्त माझ्या हुशारीचा.

तीस वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. आलेला भाग मोजायचा, केसाएवढा फरक असला तरी परत पाठवायचा. निवृत्त झालो, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत कुणाला मिक्सर घ्यायचा असला तरी तो आधी मला विचारतो. जे विचारत नाहीत त्यांना मी आपण होऊन सांगतो. हा माझा मान आहे – म्हणजे, असं मी समजतो.

माझी बायको सुलभा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. काढायची, असं म्हणायला हवं. तेही त्यातच आलं. शाईची बाटली आणि बारीक ब्रश, एवढीच तिची सामग्री. ब्रश दाबला की रेघ जाड, उचलत नेला की बारीक होत होत संपलेली. कोंबड्याच्या शेपटीचं एकेक पीस ती एका झटक्यात काढायची. मी चहाचा कप घेऊन मागे उभा राहायचो. इतक्या वर्षांत तिच्या कामात मला एकही चूक काढता आली नाही, आणि मी काही काढायची सोडली नसती.

मग प्रकाशकांनी कळवलं की यापुढे चित्रं कागदावर नकोत, पडद्यावर काढून पाठवा. नवं पुस्तक एका आगाऊ कोंबड्याचं होतं, सोळा पानांचं. सुलभा दोन दिवस नुसते ब्रश धूत-पुसत राहिली. त्याच्या आदल्या वर्षी मंडईत भाजीच्या देठांवरून पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले, हात उत्तम आहे, आणि त्यानंतर तिने दोन पुस्तकं कागदावर केलीही होती. पण पन्नाशी उलटल्यावर नवीन यंत्र शिकायचं म्हणजे धास्ती वाटणारच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आणू या. करून बघते."

आणि मी म्हणालो, आणतोच आहोत तर घरातल्या सगळ्यांच्या उपयोगाचा आणू. माझं वाक्य. तिथूनच सगळं फिसकटलं.

तीन महिने मी वहीत रकाने आखत होतो. आईला कीर्तनं ऐकायची असतात, तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा हवा. मला सामने बघायला पडदा मोठा हवा. बॅटरी दिवसभर टिकायला हवी. सुलभाचा रकाना शेवटचा होता – पेन: आहे किंवा नाही. ते पेन कसलं, दाब ओळखणारं की नुसतं टेकलं की उमटणारं, हा रकाना मी आखलाच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे रकाने तपासले, त्या माणसाने!

माझा मेहुणा श्रीनिवास खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने पहिल्याच दिवशी फोनवर एका वाक्यात निकाल लावला. "भाऊजी, ताईला चित्रं काढायचीत ना? मग हाच घ्या, दुसरा विचारच करू नका." विचार करू नका – मला! त्याने सांगितलेला टॅब मी त्याच दिवशी मनातून बाद केला. का? आवाज लहान, पडदा लहान, अशी कारणं वहीत लिहिलेली आहेत, व्यवस्थित अक्षरात. खरं कारण एकच. तो त्याने सांगितला होता.

मग मी माझी निवड सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर टाकली. मुद्देसूद. लोकांनी अंगठे दिले. एकाने तर 'सरांनी निवडलाय म्हणजे प्रश्नच नाही' असंही लिहिलं. झालं. आता मागे फिरायचं कसं?

बुधवार पेठेत एका दुकानात गेलो. गल्ल्यावर चाळिशीतल्या एक बाई होत्या, चष्मा कपाळावर. मी टॅबचं नाव सांगितलं तसा त्यांनी डबा काढला आणि सवयीने विचारलं, "कशासाठी हवाय?" म्हटलं, चित्रांसाठी, आणि घरासाठी.

"घरासाठी चालेल. चित्रांसाठी हा नको."

"मी तीन महिने अभ्यास केलाय," मी म्हणालो.

"मग मिटलंच की," बाई म्हणाल्या. आणि तरीही, माझ्यावर उपकार म्हणून असेल किंवा गिऱ्हाईक परत भांडायला येऊ नये म्हणून असेल, त्यांनी दोन टॅब शेजारी ठेवले. एकावर पेन दाबून ओढलं, रेघ जाड उमटली. उचलत नेलं, बारीक होत गेली. हा श्रीनिवासचा. दुसऱ्यावर तेच केलं – कितीही दाबा, सुतळीसारखी एकसारखी रेघ. हा माझा. "यातलं पेन फक्त टिपणं काढायला," त्या म्हणाल्या. "दाब कळतच नाही त्याला."

मी बघितलं. तुम्हाला कळतंय ना मी काय सांगतोय? मला माहीत नव्हतं, असं नाही. माझ्या डोळ्यांदेखत झालं. किमतीतही फारसा फरक नव्हता, तेव्हा ती पळवाटही मला नाही. दोन मिनिटं मी तिथे उभा होतो, आणि त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात सुलभा एकदाही आली नाही. आला तो श्रीनिवास, आणि ग्रुपवरचे ते अंगठे. म्हटलं, "हाच द्या."

बाईंनी खांदे उडवले आणि बिल केलं.

सुलभाने त्याच संध्याकाळी कोंबडा काढायला घेतला. शेपटी खराट्यासारखी आली. पुसली, पुन्हा काढली. पुन्हा खराटा. "रेघ जाडच होत नाहीये हो," ती म्हणाली. मी म्हणालो, सवय लागेल. आणि माझं एक मन, खोटं कशाला बोलू, खरंच म्हणत होतं की लागेल. माणसाला सगळ्याची सवय लागते.

पुढचा महिना विचारू नका. तो टॅब घरासाठी आणलेला, त्यामुळे घर त्याच्यावर तुटून पडलं होतं. सुलभा पीस काढतेय तोवर आईचं कीर्तन सुरू व्हायची वेळ झालेली. आईची थालीपिठाची बोटं पडद्यावर. मध्येच कुणाचा तरी व्हिडिओ कॉल, आणि चित्राच्या जागी आमच्या चुलत बहिणीचं कपाळ. मी सगळ्यांवर खेकसायचो – तिला काम करू द्या! केवढा कनवाळू नवरा. गोंधळ मला हवाच होता. जोवर गोंधळ आहे तोवर दोष गोंधळाचा.

पण एका दुपारी घरात कुणी नव्हतं. आई देवळात गेली होती. सुलभा दोन तास सलग बसली होती, आणि मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपरामागे बसलो होतो. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "अहो, या पेनाचंच काही असेल का? श्रीनिवासला विचारून बघू?"

इथे मला थांबावंसं वाटतं. दरवेळी इथेच थांबतो. हे आठवताना मी पुढचं वाक्य गाळून सरळ रात्रीच्या जेवणावर येतो – पिठलं होतं, इतकं नीट आठवतं. पण तुम्हाला सांगायला बसलोय, तेव्हा गाळून कसं चालेल?

मी म्हणालो, "पेन चांगलं आहे. तुझ्याच हातात पूर्वीसारखा जोर राहिला नसेल. मनगट मोडलं होतं ना."

तिने हाताकडे पाहिलं. "पण कागदावर तर येते की रेघ."

आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. तेवढं पुणेरीपण अंगात आहे. म्हणालो, "कागद सांभाळून घेतो गं. यंत्र सांभाळून घेत नाही."

काय वाक्य! सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी ते मला आवडलंसुद्धा. छान जमलंय असं वाटलं. तिने श्रीनिवासला फोन केला नाही. माझं काम झालं होतं.

त्यानंतर ती कागदाकडे परत गेली, तर कागदावरही रेघ अडखळायला लागली. आता मला सांगा, स्वतःच्या हातावर पाळत ठेवून कुणाची रेघ सरळ येईल? तुम्ही जिना उतरताना प्रत्येक पावलाकडे बघा – पडाल. ती कागदाकडे बघतच नव्हती, मनगटाकडे बघायची. पंधरा दिवसांनी तिने प्रकाशकांना फोन केला. मी शेजारच्या खोलीत मटार सोलत होतो. "माझ्या हाताचं आता काही खरं नाही," ती सांगत होती, "तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्या." अगदी सहज, हसत. मटार सोलायचं थांबवून उठलो असतो, चार पावलं होती. उठलो नाही. टोपलीतले सगळे सोलून झाले तरी सालं चिवडत बसलो.

पुस्तक निघालं. दुसऱ्या कुणीतरी कोंबडा काढला होता. प्रकाशकांनी सौजन्य म्हणून एक प्रत पाठवली. सुलभाने पानं उलटली, म्हणाली, "छान काढलाय." त्यानंतर ब्रश धुऊन, पुसून, एका डब्यात घालून माळ्यावर ठेवले. मी स्टुलावर चढून ठेवले. तिचा हात पुरत नव्हता.

तुम्हाला वाटेल, निदान पुढे कधी तरी जीभ सुटली असेल. भाऊबीजेला श्रीनिवास आला, मुलगी ईरा बरोबर होती. ईराच्या हातात टॅब – तोच, मी बाद केलेला. ती चित्रकला शिकतेय. "आत्या, काढ ना गं काहीतरी," म्हणून तिने पेन पुढे केलं. एक रेघ, बस. एका रेघेत सुलभाला सगळं कळलं असतं. तिने हात पदरात घेतले. ईरा ऐकेना. आणि मी – अगदी मऊ आवाजात, हे लक्षात घ्या – म्हणालो, "अगं, तिच्या हाताला त्रास होतो. आग्रह नको करूस."

ईरा ओशाळली. पेन बाजूला ठेवलं. श्रीनिवास माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊजी, किती जपता हो ताईला." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी ओवाळणीच्या ताटातली सुपारी उगाच इकडची तिकडे केली.

पहिला खोटेपणा घाईत झाला, असं म्हणता येईल. हा दुसरा? हा मी समोर निरांजन जळत असताना, पूर्ण शुद्धीत, पेन तिच्या हातात पोचायच्या आत केला. पडलो तरी नाक वर म्हणतात, पण इथे पडलं कोण आणि नाक कुणाचं?

टॅब उत्तम चाललाय. आवाज खणखणीत, आई खूश आहे. सोसायटीतल्या दोघांनी माझ्या शब्दावर तोच घेतला. परवा एकजण लिफ्टमध्ये म्हणाला, त्याच्या नातीला चित्रांसाठी हवाय, कुठला घेऊ? मी त्याला श्रीनिवासचा सांगितला. चटकन, न अडखळता. बघा, परक्या पोरीसाठी खरं बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

सुलभा हल्ली रोज सकाळी चहा झाल्यावर गॅलरीत बसून एक मऊ रबरी चेंडू दाबते. हातात जोर यावा म्हणून. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, तिचं तिनेच सुरू केलंय. दाबताना तिचे आकडे चुकतात, म्हणून मोजायचं काम माझ्याकडे आहे. मी समोर बसून मोजतो, मोठ्याने, एकही न चुकता. काल पहिल्यांदा शंभर झाले. कपाळावरचा घाम पुसून तिने विचारलं, "फरक पडतोय का हो?"

"पडतोय," मी म्हणालो.