लर्लीनला येणारा वास

मेरिलँडच्या खाडीवरच्या आमच्या गावात लर्लीन डाइझइतके खेकडे कुणी सोलले नसतील, आणि तिच्याइतकी खेकड्यांची किळसही कुणाला नसेल. सोलणीच्या शेडमध्ये मी तिच्या शेजारी बसायचे. कवच उचकटलं की आतले राखाडी, लिबलिबीत कल्ले आणि पिवळा गाळ दिसायचा. ती तोंड वाकडं करायची, बोटं मात्र सुरीसकट चालूच. घरी जाऊन लिंबानं हात घासायची, कातडी सोलवटेपर्यंत. तरी म्हणायची, "उशीलासुद्धा येतो गं मेला वास!"

ती शाळकरी पोर होती तेव्हा तिचा बाप होडीवरून पाण्यात पडला. बऱ्याच दिवसांनी प्रेत किनाऱ्याला लागलं. पोरीला कुणीतरी घरात कोंडायला हवं होतं, पण कुणाला सुचलं नाही. बापाच्या बाह्यांमधून खेकडे बाहेर पडताना तिनं पाहिले. तेव्हापासून खेकडा तिच्या तोंडात गेला नाही. पण गावात बायकांना दुसरं काम नव्हतं.

तिचा गाजलेला सॉस त्या किळसेतूनच निघाला. नवऱ्याला, एल्वुडला, खेकड्याच्या टिक्क्या लागायच्या, आणि तळणीचा वास तिला सोसवेना. म्हणून शेजारच्या शेगडीवर ती व्हिनेगर, मोहरी, लाल तिखट, जायपत्री नि सेलरीचं बी नाकाला झोंबेपर्यंत आटवायची. एल्वुडनं त्यात टिक्की बुडवून खाल्ली आणि गावभर सांगत सुटला. मग गावच्या अग्निशमन दलासाठी पैसे जमवायला होणाऱ्या उन्हाळी जेवणाच्या टिक्क्या कायमच्या तिच्या गळ्यात पडल्या.

एका वर्षी जेवणाच्या दिवशीच बर्फाचं मशीन बंद पडलं. दलाचा प्रमुख गारलंड व्हीटली खेकड्याच्या मांसाचे डबे घेऊन आला. लर्लीननं झाकण उघडलं आणि तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावला. मुतारीसारखा भपकारा आला. मांस बोटाला तार धरत होतं.

"गारलंड, हे नासलंय."

"किंचित आंबूस आहे, लर्लीनबाई. सॉस जरा सढळ हातानं घाला. त्याच्याखाली काय कळतंय कुणाला?"

"पोरं जेवणार आहेत रे!"

"तुम्ही स्वतः तर खेकडा खात नाही. तुम्हाला काय कळणार चव?"

"खात नाही म्हणूनच वास कळतो मला."

ती मोरीत भडाभडा ओकली. मग डबे उचलून मागच्या धक्क्यावर गेली आणि सगळं पाण्यात ओतलं. क्षणात खालून खेकडे वर आले आणि आपल्याच जातीचं सडकं मांस चिमट्यांनी तोडून खाऊ लागले. मी मागोमाग गेले होते, मला बघवेना. ती मात्र बघत राहिली. म्हणाली, "यांना तरी चालतं. पण माणसाला कसं चालतं गं?"

त्या दिवशी लोकांनी हॅमचे सँडविच खाल्ले आणि लर्लीनला शिव्या घातल्या. "जेवण नासवलं हिनं," असं गारलंड चर्चमध्येसुद्धा बोलला. खरं काय ते मीच सांगितलं, ज्याला त्याला, मुतारीच्या उपमेसकट.

पुढच्या उन्हाळ्यात गारलंड टोपी हातात घेऊन, टिक्क्या करा म्हणून विनवायला तिच्या दारात उभा राहिला. ती तयार झाली, पण एका अटीवर. तेव्हापासून दर वर्षी तो सगळ्यांसमोर प्रत्येक डब्यात नाक खुपसतो, ती कंबरेवर हात ठेवून उभी असते, आणि त्यानं होकाराची मान डोलावल्याशिवाय ती कढई तापवत नाही.