भिंतीपलीकडचं ‘रन’

“बंद करा नं सर ते गाडी! कवाचा वरडून राह्यलो!” आमच्या शाळेचा चपराशी दुलीचंद माझ्या फाटकात उभा राहून ओरडत होता. मी स्कूटर बंद केली. “रामटेके सर गेले. आत्ता, सकाळी. छातीत दुखलं म्हणे...”

पहिला विचार काय आला, खोटं कशाला सांगू? आम्ही एकाच वयाचे, निवृत्त होणार होतो तेही एकाच महिन्यात; आणि हा गडी इथंही माझ्या आधी! रडू नंतर आलं. पण आलं ते बादलीभर.

बालाघाटच्या त्या शाळेत आम्ही दोघांनी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आमच्या वर्गांमध्ये एक भिंत, तीही छपरापर्यंत न पोचलेली. माझ्याकडे बाराही काळ, कर्तरी-कर्मणी, सगळा सरंजाम. त्याच्याकडे एकच क्रियापद... ‘रन’. पावसाळ्यात सुरू झालेलं त्याचं रन धान कापणीला आलं तरी संपत नसे. नाक रन करतं, नळ रन करतो, धुतल्या साडीचा रंग रन करतो, रस्ता थेट बैहरपर्यंत रन करतो. पोरांनी रोज घरून एक नवं ‘रन’ शोधून आणायचं. लामता गावच्या एका पोरीनं विचारलं, “सर, जीप उभी हाय, पण इंजन चालू हाय. मंग?” तो गरजला, “मंग उभ्या जीपचं इंजनही रन करते बेटा!” वर्ग असा हसला की माझ्या भिंतीवरचा नकाशा खाली आला. मूळही सांगायचा. म्हणे, हा शब्द आधी पाण्याचा, पायांचा नंतर. आपल्या संस्कृतातल्या ‘री’ धातूचा, वाहण्याचा, दूरचा भाऊबंद.

मी जळायचो. इतका, की हिवाळ्यात स्टाफरूममधल्यांनी माझ्यावर हात शेकले असते.

शेवटी मी नागपूरहून उशीएवढा शब्दकोश आणला आणि ‘रन’पेक्षा तगडं क्रियापद शोधलं... ‘सेट’! सूर्य सेट होतो, दही सेट होतं, मोडलेलं हाड सेट करतात. चाळीस अर्थ फळ्यावर उतरवले. विसाव्यापाशी वर्ग झोपला, तिसाव्यापाशी मी. मागून एकीनं जांभई देत विचारलं, “सर, रन कवा शिकवान?”

मधल्या सुट्टीत रामटेके म्हणाला, “बोरकर, सेट लय भारी हाय गा. मले नसतं जमलं.”

हे कौतुक होतं की टोमणा? अकरा वर्षं झाली, मी ते वाक्य उलटंपालटं करून पाहतोय. विचारायची हिंमत झाली नाही. आता भिंतीपलीकडं शांतता असते, आणि मी वाक्याच्या मध्येच थांबतो... पलीकडून पोरांचं हसू ऐकू येईल म्हणून.

मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग घसा खाकरून विचारलंच, “वहिनी, माझ्याबद्दल काही म्हणत होता का? म्हणजे... माझ्या शिकवण्याबद्दल?”

वहिनींनी कप उचलला.

“नाही जी भाऊजी. शाळेतलं घरी काईच सांगत नव्हते.”