पापड लाटायचे पैसे

आमच्या नशिराबादच्या गल्लीत उडदाचे पापड पैसे देऊन कोणी लाटून घेत नव्हतं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं, गप्पा मारायच्या, तेलात बुडवून दोन लाट्या खायच्या आणि घरी जायचं. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

नातीची दहावीची परीक्षा झाली. तिला सुट्टीत कम्प्युटरचा क्लास लावायचा होता. तिचा बाप म्हणजे माझाच मुलगा, म्हणाला, "शाळा शिकवली ना? आता क्लासचं मागू नको." पोरगी रडली नाही. जळगावला एका कॉलनीत तिच्या मैत्रिणीची मावशी राहते, तिच्या ओळखीने तिथल्या एका बाईंकडे पापड लाटायला जाऊ लागली. किलोवर भाव ठरला. सकाळच्या बसने जायची, संध्याकाळी हातांना उडदाचा वास घेऊन यायची. शेजारच्या काकूंना तिने हौसेने सगळं सांगितलं, कुठली कॉलनी, कुठलं घर, भाव काय.

काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "काय व अक्का, नातीला मजुरीला लावलं? पापडाचे पैसे घेतं का कोणी? उद्या पाणी पाजायचे पण घेशील."

मी म्हटलं, "तुमच्याकडे येते तेव्हा मागते का?"

"आज नाही मागत. उद्याचं कोणी पाह्यलं?"

पुढे आमचा दिवस आला. पीठ भिजवलं, पाट्यावर तेल लावून मी आणि सुनेने कुटलं, लाट्या केल्या. ओसरीत चटया टाकून बसलो. कोणी आलं नाही. एकीचं डोकं दुखत होतं, एकीच्या घरी पाहुणे होते. सुनेला शेतावर जावंच लागलं. उडदाचं पीठ थांबत नाही, शिळं झालं की पापड फुलत नाही. नात बसला निघाली होती, ती दारातून परत फिरली. "बाईंना फोन करते, उद्या येते म्हणून," म्हणाली आणि लाटणं घेऊन बसली. माझे गुडघे, तिचे कोवळे हात. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी लाटत होतो. लाटी मी तिला दिली, तिने खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलनीत गेली तर बाईंच्या हॉलमध्ये पोळपाट मांडून काकू बसलेल्या. भाव हिच्यापेक्षा कमी.

काकू म्हणाल्या म्हणे, "मला काही पैशाची हौस नाही बाप्पा. बाई अडल्या म्हणून आले."

पोरीने काय म्हणावं? "काकू, बाईंना पातळ लागतो, जरा पातळ लाटा." एवढं बोलून ती बसस्टँडवर आली. हे मला तिनेच सांगितलं, भाकरीचा तुकडा मोडत मोडत.

क्लास सुरू झाला तेव्हा तिच्याकडे निम्मीच फी जमली होती. मी म्हटलं, तेवढी भरून तर पाहा. ती हसली. "निम्म्या फीत निम्माच कम्प्युटर शिकवतील का गं आजी?" ते हसू मला अजून टोचतं. पोरगी क्लासला गेलीच नाही.

यंदा चैत्रात काकूंनी दारातूनच हाक मारली, जसं काही झालंच नाही. "अक्का, आज आमचे पापड आहेत. नातीला पाठव बरं, तिचा हात चांगला आहे."

नात आतून म्हणाली, "आजी, त्यांना किलोचा भाव सांग."

साठ वर्षं या गल्लीत मी कोणाला पापडाचा भाव सांगितला नव्हता. ओट्यावर आले आणि सांगितला. काकूंनी कॉलनीत घेतलेला कमी भाव नाही, त्याच्याआधी नातीला मिळायचा तो, पुरा. काकू आत गेल्या, कडी लावल्याचा आवाज आला. त्यांचे पापड त्यांनी एकटीने लाटले. आमचे आम्ही दुकानातून आणले. तळल्यावर फुलतात चांगले. चव नाही त्यांना.