भटजींच्या परसातलं खुराडं

कुणी घर बांधायला काढलं की आमच्या शेजारचे भटजी आधी त्या जागेवर उकिडवे बसत, तळहात जमिनीला टेकवत आणि यजमानाला विचारत, "जागेस विचारलेत का हो?" यजमान बावरून मान हलवी. मग भटजीच डोळे मिटून जागेशी काहीबाही पुटपुटत.

सोवळं तर विचारूच नका. अंगणात कुणाची कोंबडी शिरली तर ती बाहेर जाईपर्यंत हा गृहस्थ ओटीवरून उतरत नसे. तेच भटजी एका सकाळी स्वतःच्या परसात उकिडवे बसलेले दिसले. मी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. शेजाऱ्याच्या परसात डोकावायचं नाही, तर मग रत्नागिरीत राहायचं कशाला?

त्यांची आईवेगळी लेक यमू छातीच्या दुखण्यानं माहेरी आली होती. चार शब्द बोलली की पाचवा खोकल्यात अडकायचा. डॉक्टरांनी रोज दुधातून कच्चं अंडं द्यायला सांगितलं होतं, आणि भटजी खुराड्यासाठी जागा बघत होते.

एखाद्याचं घर बांधायचं असावं तशी त्यांनी ती जागा पारखली. गडव्यानं पाणी ओतून उतार पाहिला. विहिरीपासून लांब, सकाळचं ऊन येईल असा कोपरा धरला. जांभ्या चिऱ्यांचं जोतं स्वतः रचलं, वर राख आणि चुना पसरला, मुंगूस शिरू नये म्हणून भोवती करवंदीच्या काट्या लावल्या. जन्मभर पळी-पंचपात्र धरलेले हात पार सोलून निघाले.

मला राहवेना. अंडी मी खालच्या वाडीतून गुपचूप आणून देईन, कुणाला कळायचं नाही, असं मी सुचवलं. त्यांनी हातातला चिरा खाली ठेवला.

"लपवून दिलेलं औषध अंगास लागत नाही," ते म्हणाले. "लेक माझी आहे. उघड्यावर बरी होऊ दे."

कोंबड्या आल्या, आणि भटजींना बोलावणी बंद झाली. पूजा नाही, श्राद्ध नाही. पण डॉक्टर सगळ्यांचा एकच. पुढं आळीतलं कुणाचं पोर खंगलं की त्याच घरचं माणूस तिन्हीसांजेला भटजींच्या मागच्या कुंपणाशी येऊन उभं राही. भटजी मुकाट्यानं अंडी देत. मला त्या माणसांचा संताप यायचा, अजून येतो.

यमू बरी झाली, नवरा येऊन तिला गुहागरला घेऊन गेला.

काही वर्षांनी भटजी वारले, तेव्हा मंत्र सांगायला एकही भिक्षुक येईना. आम्ही चारपाच जण माना खाली घालून उभे होतो. निरोप मिळताच आलेली यमू बापाच्या उशाशी बसली आणि लहानपणापासून कानावर पडलेले मंत्र म्हणू लागली. बाईमाणसानं ते म्हणायचे नसतात, पण तिला थांबवायला कुणी धजलं नाही. तिचा आवाज आळीच्या टोकापर्यंत जात होता. सगळं म्हणून होईपर्यंत ती एकदाही खोकली नाही.