सवालवाले चाचा

स्वतःच्याच दुकानाला भिणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. जळगाव जामोदच्या बाजारात हमीदचाचांचं कृषी केंद्र होतं. पुढे बियाण्यांच्या पिशव्या, मागच्या भिंतीला कीटकनाशकांचं कपाट. पिशव्यांपाशी चाचा हसत, गप्पा मारत, पानही तिथंच बसून लावत. कपाटाकडे जायची वेळ आली की त्यांचा चेहरा उतरायचा. किल्ली फिरवून बाटली बाहेर काढली की कपाट लगेच पुन्हा बंद. "चोर येईन म्हून कुलूप नाही लावत मी," ते म्हणत. "गिऱ्हाईक येईन म्हून लावतो."

माझं खामगावला संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. चाचांनी बिलांसाठी संगणक घेतला, तो बसवायला मी गेलो आणि मग महिन्यातून एखादी चक्कर होऊ लागली. दुपारी गिऱ्हाईक नसतं, काही खेळ असेल तर टाकून दे, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. माझ्याकडे एक सीडी होती, ती टाकली. चार सोबती घेऊन जमिनीखालच्या एका किल्ल्यातून जायचं. मारामारी थोडी, कोडीच जास्त. दर दाराशी दगडी तोंडाचा पहारेदार उभा. तो कोडं घालणार, आणि उत्तर चुकलं की सोबत्यांपैकी एक जागच्या जागी कोसळणार.

चाचा मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पडद्यावर बोट ठेवून ते एकेक इंग्रजी शब्द लावत, अडलं की मला विचारत. खेळ साठवून ठेवता येतो, सोबती मेला तर मागे जाऊन पुन्हा खेळता येतं, हे मी त्यांना दाखवलं होतं. ते बटण त्यांनी कधी दाबलं नाही. "मांगं जाता येते असं समजलं त मानूस इचार करत नाही, सुधीर," ते म्हणाले. "मेला तो मेला."

एका दाराशी ते पुष्कळ दिवस अडून बसले. तीन रांजण होते, त्यांवर मध, पाणी आणि जहर अशा तीन पाट्या. पहारेदार सांगत होता की तिन्ही पाट्या खोट्या आहेत. सोबत्याला एकाच रांजणातलं घोटभर पाजायचं आणि मग कशात काय आहे ते सांगायचं. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा चाचांनी उत्तर काढलेलं होतं. ज्यावर जहर लिहिलंय त्यात जहर असूच शकत नाही, म्हणून त्यातलंच पाजायचं. उत्तर बरोबर होतं, पण त्यांचा हात माऊसवर जाईना. "समजते मले," ते म्हणाले, "पन ज्याच्यावर जहर लिवेल हाये ते आपल्या हातानं कसं पाजू? तू दाब." मी दाबलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. सोबती जिवंत आहे असं मी दोनदा सांगितल्यावर त्यांनी मान वळवली.

ही भीती खेळातून आलेली नव्हती. बीटी कपाशी नवीन आली त्या काळात जवळच्याच गावातली एक सून कपाशीवर मारायला म्हणून त्यांच्याकडून बाटली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिची बातमी आली. पोलीस येऊन विचारपूस करून गेले, चाचांची काहीच चूक निघाली नाही. ते मात्र आठवडाभर दुकानात आले नाहीत. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, तेही पडद्याकडे बघत. "हा दगडाचा हाये, तरी इचारल्याबिगर कोनाले सोडत नाही. म्या सोडलं."

त्या बातमीनंतर त्यांनी सवाल सुरू केले. कोणीही औषध मागितलं की आधी, "थांब, पह्यले सवाल." पीक कोणतं, किती वाढलं, कीड कोणती, फवारणार कोण. उत्तरं एकमेकांशी जुळली तरच कपाट उघडायचं. त्यात एक सवाल त्यांना फार भरवशाचा वाटे. तेव्हा बीटीवर बोंडअळी येत नसे. "बीटी लावली ना? मंग अळीचं औषध कायले?" असं ते सहज विचारत. खरा शेतकरी हसून सांगे की अळीचं नको, तुडतुड्याचं पाहिजे. ज्याला औषध दुसऱ्याच कामाला हवं असे, तो गोंधळे.

असा गोंधळलेला एक जण माझ्यासमोर आला होता. पस्तिशीचा असेल. कीड कोणती विचारल्यावर म्हणाला, "कोनतीबी द्या." चाचा शांतपणे म्हणाले, "माल संपला. गाडी येऊनच राह्यली. बस, चहा घे." मग पान लावण्याच्या निमित्ताने माझ्याजवळ वाकले आणि त्याच्या गावाचं नाव सांगून कुजबुजले, "याच्या भावाले घेऊन ये. पळ." मी भावाला घेऊन परतलो तेव्हा चाचा त्या माणसाला बियाण्यांच्या जाती समजावत होते. त्याच्यासमोर चहाचे चार कप ओळीने पडले होते. भाऊ त्याला हाताला धरून घेऊन गेला. चाचा बराच वेळ उठले नाहीत. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

लोक कंटाळत. बाजूच्या दुकानात कोणी काही विचारत नाही, असं तोंडावर सांगून निघून जात. सवालवाले चाचा हे नाव तिथूनच पडलं, आणि ते कौतुकाचं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी बीटीवरही आली. बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत अळी. गावंच्या गावं औषधाला धावली. चाचांचा भरवशाचा सवाल त्या हंगामात निकामी झाला. "आता खरा बी तेच सांगते अन् खोटा बी तेच सांगते," ते मला म्हणाले. "मी वळखू कसा?"

त्याच हंगामात देवरावकाका आले. चाचांचे शाळेपासूनचे सोबती, शेत सातपुड्याच्या पायथ्याशी. मी तिथंच संगणक उघडून बसलो होतो. चाचांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि काकांनी खिशातून बोंड काढून त्यांच्यासमोर फोडलं. आत अळी वळवळत होती.

"फवारते कोन?"

"मीच."

"तोंडाले फडकं बांधजो."

"हाव." काकांनी बाटली पिशवीत टाकली, चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाभीले सलाम सांगजो," म्हणाले आणि यष्टी स्टँडकडे गेले.

थोड्या वेळाने आभाळ दाटून आलं. मी दुचाकी पत्र्याखाली घेतली. चाचा दारात येऊन वर बघत राहिले.

"सुधीर, पानी येऊन राह्यलं."

"हो, येणारच आज."

"मंग त्यानं औषध आज काऊन नेलं? पान्यात कोनी फवारते का?"

"उद्या फवारतील, चाचा."

"उद्या बाजार हाये. बाजाराले त तो येतेच. मंग आज खास येऊन काऊन नेलं?" त्यांचा आवाज खाली गेला. "जबाब सगळे बरोबर देल्ले रे त्यानं."

दुकान उघडं टाकून आम्ही निघालो. वाटेत पावसाने गाठलं. चाचा मागे माझा सदरा मुठीत धरून काहीतरी पुटपुटत होते. प्रार्थना असावी. मी मनात एकच म्हणत होतो, आम्हाला उशीर झालेला नसू दे. शेताच्या वाटेला काळ्या मातीने चाकं भरली, गाडी हलेना. ती तिथंच टाकून आम्ही चिखलातून चालत सुटलो. चाचांची एक चप्पल रुतून राहिली, त्यांनी मागे पाहिलं नाही.

काका शेतातल्या झोपडीत पोत्यावर बसले होते. बाटली शेजारी, तिच्या झाकणावर त्यांचा हात. ती उघडली आहे की नाही, मला दिसत नव्हतं. फवारणीचा पंप कुठेही नव्हता. चाचा दाराशी थांबले. मला वाटलं, आता विचारतील.

"देवराव," चाचा म्हणाले, "म्या गलत बाटली देल्ली तुले. ती संत्र्यावरची हाये."

काकांनी हळूच वर पाहिलं. "गलत?"

"हाव. चष्मा नव्हता लावला."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता, पावसाने भिजलेला. काका त्या चष्म्याकडे बघत राहिले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग त्यांनी झाकणावरचा हात उचलला. सील शाबूत होतं. चाचांनी बाटली उचलून खिशात घातली आणि खिशावर तळवा दाबून धरला. "चाल, घरी चाय पाज. थंडी वाजून राह्यली मले."

काकूंनी चहा केला. त्या रात्री चाचा तिथंच राहिले. मला मात्र त्यांनी आपल्या घरी निरोप द्यायला पाठवलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी कपाट रिकामं केलं. नंतर दुकानात फक्त बियाणं आणि खत. धंदा बसत गेला, त्याची त्यांना फिकीर नव्हती. देवरावकाका दर बाजाराला येत, दोघे बाकावर बसून संत्र्याच्या बागांविषयी बोलत. काका निघाले की ते दिसेनासे होईपर्यंत चाचा त्यांच्या पाठीकडे बघत. "काकांना त्या दिवसाचं कधी विचारलं का?" मी एकदा म्हणालो. "नाही," चाचा म्हणाले. "हाव म्हनला असता त मले झोप नसती लागली. नाही म्हनला असता त म्या मानलं नसतं."

चाचा अटॅकने गेले. बातमी कळताच मी खामगावहून निघालो. कब्रस्तानात मातीला पुष्कळ माणसं होती. देवरावकाका सगळ्यांच्या मागे उभे होते. लोक पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. खूप थकले होते.

"तू होता ना त्या दिवशी," ते म्हणाले. "ती बाटली खरंच गलत होती का?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, माझी पापणीही हलली असती तर त्यांना कळलं असतं.

"हो काका," मी म्हणालो. "संत्र्यावरची होती."

त्यांनी सावकाश मान हलवली. मग खाली वाकून मूठभर माती घेतली, चाचांच्या कबरीवर टाकली आणि फाटकाकडे चालू लागले.