चुडा भरताना आलेला ॲटॅक

ईसीजी परत नॉर्मल आला, आणि शमीमभाभी रडायला लागल्या.

"नॉर्मल म्हंजे मी नाटक करते का, डॉक्टर? मग छातीत व्हतं ते काय?"

जुन्नरच्या ज्या दवाखान्यात मी काउन्सेलर आहे, तिथे त्यांची ही कितवी तरी खेप होती. रक्त, थायरॉइड, सगळं तपासून झालं होतं. मेडिकल ऑफिसर मला म्हणाले, "हार्ट उत्तम आहे. आता तुम्ही बघा."

मी भाभींना बसवलं. "तुम्हाला होतं ते खरंच होतं. याला पॅनिक ॲटॅक म्हणतात. उसात बिबट्या दिसला की शरीर पळायची तयारी करतं. श्वास वाढतो, छाती धडधडते. तुमचं शरीर बिबट्या नसतानाच ती तयारी करतंय."

"मग गोळी द्या."

"काहींना लागते. ते डॉक्टर ठरवतील. आपण आधी दुसरं करून बघू."

भाभींचं बांगड्यांचं दुकान. बाजाराच्या गर्दीत पहिला ॲटॅक आला, तेव्हापासून त्या तिथे बसत नव्हत्या. लग्नाची गिऱ्हाइकं परत जात होती. नवरा, युसूफभाई, फार जपायचे. बायको जरा कासावीस झाली की पाणी, साखर, आणि लगेच स्कूटरवरून घरी.

"युसूफभाई, ही स्कूटर बंद करायची," मी म्हणाले.

"म्हंजे? तिला तडफडू द्यायचं?"

"भीती चढते तशी आपोआप उतरते. पण ती उतरायच्या आत तुम्ही त्यांना घरी नेता. मग त्यांना वाटतं, घरी आले म्हणून वाचले."

युसूफभाईंना पटलं नाही. भाभींना पटलं.

सुरुवात बंद दुकानात बसण्यापासून केली. मग दुपारी, गिऱ्हाईक नसताना. मग एकदोन बायका असताना. धडधडलं तरी उठायचं नाही, श्वास सावकाश सोडायचा, एवढाच नियम. दोनदा त्या उठून गेल्याच. पुन्हा मागच्या पायरीवर आलो.

शेवटी बाजाराचा दिवस ठरला. मी कोपऱ्यात स्टूलवर बसले. युसूफभाईंना समोरच्या चहाच्या टपरीवर थांबवलं होतं. महाळुंगे पडवळहून नवरी आली, सोबत आई आणि चार चुलत्या. दुकान गच्च भरलं.

नवरीचा अर्धा हात भरला आणि भाभी थांबल्या. चेहरा पांढराफटक. "मॅडम, आलं. यांना बोलवा."

"बोलवते. तेवढा हात पुरा करा."

समोर युसूफभाई उठलेच होते. मी हात दाखवून थांबवलं.

नवरीची आई घाबरली. "भाभी, बरं वाटंना का? पाणी आणू का?"

"पाणी नको." भाभींनी डोळे मिटून श्वास सोडला. मग नवरीला म्हणाल्या, "हात ढिला सोड, बाळा."

बोटांतच एक बांगडी वाढली. भाभींनी तुकडे बाजूला सारले. पुढची चढली, मग तिच्या पुढची. दुसरा हात घेईपर्यंत भाभींच्या तोंडावर रंग परतला होता.

मंडळी गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमी लई निष्ठुर हाय."

"उतरलं का?"

"उतरलं. पर मी आज मेलेच व्हते."

त्यांना अजूनही कधीकधी धडधडतं. पण त्या उठत नाहीत. मी मात्र आता अशा पेशंटच्या पहिल्याच भेटीला घरातलं सगळ्यात जपणारं माणूस बोलावून घेते. भाभी काही आठवड्यांत शिकल्या. युसूफभाईंचं चालू आहे.